कर्करोग बरा झाला, तरी फाईल माळ्यावर टाकू नका



या पानावर एरवी आपण उसातली हुमणी, डाळिंबावरचा तेल्या, पाण्याची पाळी आणि खताचा हप्ता यांविषयी वाचता. आजचा विषय माणसाच्या शरीराचा आहे, पण तो शेतीपासून लांबचा नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कामानिमित्त फिरताना कर्करोगाचे उपचार घेऊन घरी परतलेली माणसं गावोगाव भेटतात. कुणाच्या गालाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचं स्तनाचं. कुणी गर्भाशयाच्या मुखासाठी ‘लाईट’ घेऊन आलेली असते. हीच माणसं पुन्हा रानात दारं धरतात, खुरपायला जातात, गोठ्यात धार काढतात.

त्यांच्याविषयी गावात सुरुवातीला बोललं जातं, “मोठ्या दुखण्यातून उठला, देवानं वाचवलं.” वर्ष-दोन वर्षं गेली की पारावर सूर बदलतो. “आता बरा झालाय की. मग काम का होत नाही? बसून खायची सवय लागली.” घरातही हेच ऐकावं लागतं, आणि ऐकणाऱ्या माणसाला स्वतःलाही वाटायला लागतं की आपणच आळशी झालो. तो डॉक्टरकडे जाऊन काही सांगत नाही. सांगणार तरी काय? रोग तर गेला आहे.

आज हेच समजून घ्यायचं आहे. रोग गेल्यानंतरही उपचारांचे काही परिणाम शरीरात राहतात, आणि काही तर पाच-दहा वर्षांनी डोकं वर काढतात. ते खरे असतात. त्यांतले बरेचसे वेळीच ओळखले तर आटोक्यात ठेवता येतात.

कालव्याच्या पाण्यासारखंच

आपल्या भागातल्या माणसाला ही गोष्ट सांगायला अवघड नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आपल्या बागायती पट्ट्यात शंभर वर्षांहून जास्त काळ खेळतं आहे. त्या पाण्यानं ऊस आला, कारखाने आले, पोरं शिकली. पण बेसुमार पाणी बसलं तिथं काही वर्षांनी रान पाणथळ झालं, पांढरं फुटलं, चोपण झालं. पहिल्या वर्षी क्षार कुणाला दिसले नाहीत. दिसले तेव्हा कुणी “कालवा बुजवा” असं म्हटलं नाही. चर काढले, जिप्सम टाकलं, धैंचा गाडला आणि पाण्याची पाळी लांबवली.

कर्करोगाच्या उपचाराचंही असंच आहे. किमोचं औषध म्हणजे फक्त तण मारणारं आणि पिकाला हात न लावणारं तणनाशक नव्हे. ते भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, आणि त्यातली काही औषधं जाता जाता नसांना, कानाला, मूत्रपिंडाला किंवा हृदयाला धक्का देतात. किरणोपचारात, म्हणजे गावात आपण ज्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतो त्यात, गाठ जळते. पण त्या वाटेवरच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजतात आणि मांस ताठर होत जातं. हे काम वर्षानुवर्षं आत चालू राहतं. म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. उपचार घ्यायचे, आणि नंतर चर काढायचे.

बारामतीचंच उदाहरण

असे परिणाम फक्त गरिबाच्या वाट्याला येतात असं कुणी समजू नये. काटेवाडीच्या शरद पवारांचं उदाहरण तालुक्याला माहीत आहे. २००४ साली लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ते केंद्रात कृषिमंत्री झाले. ३६ वेळा किरणोपचार घ्यावे लागले, सकाळी दिल्लीत मंत्रालयाचं काम करून दुपारी दवाखाना गाठायचा आणि मग वेदनेमुळे घरी जाऊन पडून राहायचं, हे त्यांनी स्वतः जाहीर कार्यक्रमांतून सांगितलेलं आहे. पुढे २०१८ साली मुंबईत दंतवैद्यांच्या एका कार्यक्रमात त्यांनी उपचारानंतरचे त्रासही सांगितले. दात काढावे लागले. तोंड मोठं उघडायला, गिळायला आणि बोलायला अडचण आली. गुटखा-सुपारीच्या सवयीबद्दल वेळीच कुणी सावध करायला हवं होतं, असंही ते म्हणाले.

राजकारण बाजूला ठेवून यातलं आपल्या कामाचं तेवढं घ्या. हा माणूस आजारातून उठला, दहा वर्षं देशाचं कृषी खातं सांभाळलं, आणि वीस वर्षांनंतर २०२४ च्या निवडणुकीतही बारामती-इंदापूरात सभा घेत होता. तरीही उपचाराच्या खुणा राहिल्या. माणूस बरा झालेला असतो आणि त्याला त्रासही असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण हे मान्य करतो, मग आपल्या वाडीवरच्या माणसाच्या बाबतीतही करायला हवं.

तोंड, जबडा आणि मान

आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि बायकांमध्ये मिस्री यांमुळे तोंडाचे कर्करोग पुष्कळ. त्यामुळे सुरुवात इथूनच करू.

जबडा आवळणं: किरणोपचार संपल्यावर काही महिन्यांनी जबड्याचे स्नायू ताठर होत जातात. घरच्या घरी तपासायचं असेल तर आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तीन बोटं गेली तर ठीक. दोनच जात असतील, किंवा मागच्या महिन्यापेक्षा कमी जात असतील, तर डॉक्टरला दाखवा. यावर व्यायाम आहे. आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. किती काड्या आणि दिवसातून किती वेळा, ते डॉक्टर किंवा व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट ठरवून देतात. हा व्यायाम महिनाभराचा नाही. गाईला रोज वैरण टाकावी तसा तो रोजच करायचा.

कोरडं तोंड: लाळेच्या ग्रंथींवर किरणं पडली की लाळ आटते. मग भाकरी घशाखाली उतरत नाही. घरच्यांना वाटतं खाण्याचे नखरे चाललेत. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या, भात मऊ शिजवा, तिखट कमी करा आणि पाण्याची बाटली कायम जवळ ठेवा. लाळ नसली की दात मुळाशी भराभर किडतात. त्यासाठी फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश वापरा. मिस्री लावून दात घासणं कायमचं बंद.

दात काढणं: हा मुद्दा घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. जबड्यावर किरणोपचार झालेल्या माणसानं, दहा वर्षं उलटली असली तरी, कुणालाही न सांगता दात उपटून घेऊ नये. त्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. दात काढल्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि सडायला लागतं. खालच्या जबड्यात हा धोका जास्त. दात दुखला तर दाताच्या डॉक्टरला खुर्चीत बसायच्या आधी सांगा, “माझ्या तोंडाला लाईट दिलेली आहे.” ते तुमच्या कर्करोगाच्या डॉक्टरशी बोलून पुढचं ठरवतील.

थायरॉईड: मानेवर किरणं पडली असतील तर काही वर्षांनी थायरॉईड ग्रंथी मंद पडू शकते. माणूस थकतो, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, उठावंसं वाटत नाही. यालाच लोक आळस म्हणतात. रक्ताची एक साधी तपासणी असते, तिला टीएसएच म्हणतात. ती सहा महिन्यांनी किंवा वर्षानं करावी. कमतरता निघाली तर रोजची एक गोळी पुरते.

खांदा: मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला धक्का लागला तर हात वर जात नाही. अशा माणसाच्या पाठीवर फवारणीचा पंप देऊ नका. खांद्याचे व्यायाम लवकर सुरू केले तर फरक पडतो.

ठसका: जेवताना दर वेळी ठसका लागत असेल आणि वरचेवर छातीत कफ होऊन ताप येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते. हे डॉक्टरला सांगितलंच पाहिजे.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या भगिनींसाठी

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाझरलेलं पाणी वर नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. चर बुजल्यावर रान पाणथळ व्हावं तसा हात सुजतो. काखेतल्या बहुतेक गाठी काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. काहींना तो लगेच होतो, काहींना काही वर्षांनी. अंगठी रुतायला लागणं, बांगड्या वर न सरकणं, ब्लाऊजची बाही एकाच बाजूनं घट्ट होणं ही पहिली चिन्हं आहेत. सूज थोडी असतानाच दाखवली तर पट्टी बांधून, विशेष मालीश करून आणि व्यायामानं ती आवाक्यात राहते. हात दुधीभोपळ्यासारखा झाल्यावर मात्र अवघड जातं.

आपल्या कामांत या हाताला जखमा होण्याचा धोका मोठा. उसाच्या पातीनं चिरतं, डाळिंबाचा काटा लागतो, खुरप्याचा वार बसतो, चुलीवर चटका बसतो. या हातात जंतू शिरले की ते लवकर पसरतात. म्हणून त्या बाजूला लांब बाही आणि हातमोजा घाला. जखम झाली की लगेच साबणानं धुवा. हात लाल होऊन तापला आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा. इंजेक्शन, सलाईन आणि रक्तदाबाची पट्टी शक्यतो दुसऱ्या हाताला घ्या.

याचा अर्थ हात बांधून बसायचं असा नाही. न वापरलेला हात आणखी आखडतो. वजन हळूहळू वाढवत नेलं तर काम करता येतं. पण ऑपरेशननंतर पहिल्याच हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेणं किंवा दोन हंडे उचलणं टाळा.

काही भगिनींना पाच ते दहा वर्षं रोज गोळी घ्यायला सांगितलेली असते. “आता बरी आहे” म्हणून ती मध्येच सोडू नका. या गोळीनं अंगातून वाफा निघतात. गोळीच्या प्रकाराप्रमाणे कुणाचे सांधे दुखतात, कुणाची हाडं ठिसूळ होतात. टॅमोक्सिफेन घेणाऱ्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, किंवा कुणाचा एक पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर लगेच दाखवा. गोळी बदलता येते. न विचारता बंद करण्यात धोका आहे.

आणखी एक गोष्ट. स्तनाच्या आणि रक्ताच्या कर्करोगात वापरलं जाणारं डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल रंगाचं औषध बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याचा एकूण डोस जसा वाढतो तसा हृदयाला धोका वाढतो, आणि तो त्रास वर्षांनंतरही येऊ शकतो. बांधावर चढताना दम लागायला लागला, पायावर सूज आली, रात्री झोपल्यावर श्वास कोंडायला लागला, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, करून घ्या.

न बोलता सोसला जाणारा त्रास

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात ओटीपोटावर किरणोपचार दिले जातात. त्यानंतर आतडी आणि मूत्राशय नाजूक होतात. वारंवार संडासला लागतं, लघवी रोखता येत नाही, काही जणींना पुढे संडासवाटे किंवा लघवीवाटे रक्तही जातं. प्रत्येक वेळी तो रोग उलटलाय असंच नसतं. पण तपासल्याशिवाय ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून रक्त दिसलं की दाखवायचंच.

अंगाची जागा आकुंचन पावते, कोरडी पडते, संबंध ठेवताना दुखतं. बाई हे कुणाला सांगत नाही, नवऱ्याला कारण कळत नाही आणि घरात अबोला धरला जातो. यावर उपाय आहेत आणि स्त्रीरोगाचे डॉक्टर ते सांगतात. नवरेमंडळींनी एक खेप स्वतः बरोबर जावं आणि ऐकून घ्यावं. तरुण वयात पाळी बंद झाली की हाडं ठिसूळ होतात. कमरेचं दुखणं म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेत राहण्यापेक्षा एकदा नीट तपासून घ्या.

जी बाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपते तिच्यासाठी शौचालय जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे. या कारणानं अशा बायका कामावर जायचं सोडतात, आणि लोक म्हणतात, “हिला आता काम नको.”

बधिर पाय, मंद कान

सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालीप्लॅटिन अशा औषधांनी हातापायांच्या नसांना इजा होते. तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा राहतो, पायाखालचं नीट कळत नाही. काहींचा हा त्रास कमी होतो, काहींना तो कायमचा राहतो. आता अशा माणसाला रात्रीची वीज आली म्हणून अनवाणी दारं धरायला पाठवलं तर काय होईल याचा विचार करा. काटा रुतलेला कळत नाही, बांधावर तोल जातो. त्याला गमबूट द्या, चांगली बॅटरी द्या, आणि रोज झोपताना तळपाय बघायची सवय लावा. शक्य असेल तर दिवसाची पाळी द्या.

फवारणीचं काम अशा माणसाला देऊ नये असं माझं स्पष्ट सांगणं आहे. हात बधिर असेल तर फवारणीचं औषध अंगावर सांडलेलं कळत नाही. ऑपरेशननं चेहऱ्याचा आकार बदललेला असेल तर मास्क घट्ट बसत नाही.

सिस्प्लॅटिननं काहींना कमी ऐकू येतं आणि मूत्रपिंडावरही ताण पडतो. अशांनी अंगदुखीच्या गोळ्या मनानं खाणं टाळावं, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात.

लहानपणी बरी झालेली मुलं

रक्ताच्या कर्करोगातून उठलेली पुष्कळ मुलं आता तरुण झाली आहेत. त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९१ सालीच एक वेगळी ओपीडी सुरू केली. तिथं उपचार संपलेल्या मुलांची वाढ, हृदय, ग्रंथी, शाळेतली प्रगती आणि दुसरा कर्करोग तर होत नाही ना, हे वर्षानुवर्षं बघितलं जातं. अशाच बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ नावाचा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९ पासून काम करतो.

आपल्याकडे अडचण लग्नाच्या वेळी येते. स्थळ मोडेल म्हणून आजार लपवला जातो, आणि मग तपासणीला जाणंही बंद होतं. लग्नाआधी डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावं. यांतल्या अनेकांना मुलं होतात. काहींना अडचण येते, ती उपचारावर अवलंबून असते. खरं काय ते डॉक्टरच सांगू शकतील, भावकीतल्या गप्पा नव्हेत.

थकवा आणि धास्ती

कर्करोगाच्या उपचारानंतरचा थकवा झोपेनं जात नाही. तो महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं राहतो. रक्त कमी आहे का, थायरॉईड मंद आहे का हे आधी बघून घ्यावं. ते ठीक असेल तर रोज थोडं चालणं आणि हळूहळू काम वाढवणं हाच त्यातल्या त्यात चांगला उपाय. सकाळच्या उन्हाआधी दोन तास काम, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा तासभर अशी वाटणी करा.

तपासणीची तारीख जवळ आली की माणसाची झोप उडते. पुन्हा निघालं तर? कर्ज अजून फिटलेलं नाही, पोरीचं शिक्षण चालू आहे. या धास्तीपायी काही जण तपासणीलाच जात नाहीत. घरच्यांनी अशा वेळी “काही होत नाही” एवढंच म्हणण्यापेक्षा बरोबर जावं.

फाईल सातबाऱ्याजवळ ठेवा

उपचार संपल्यावर फाईल माळ्यावर जाते. तिला उंदीर लागतात, ती पावसात भिजते. पाच वर्षांनी दम लागला म्हणून डॉक्टरकडे गेलं की ते विचारतात, “कोणतं औषध दिलं होतं?” उत्तर येतं, “लाल बाटली होती, साहेब.”

सातबारा आणि खातेउतारा ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ही फाईल ठेवा. उपचार देणाऱ्या डॉक्टरांकडून एका कागदावर एवढं लिहून घ्या: कोणता कर्करोग आणि किती वाढलेला होता, कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, किमोची औषधं आणि त्यांचा एकूण डोस, किरणोपचार शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा आणि किती, पुढे कोणत्या तपासण्या, किती महिन्यांनी. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. मोबाईलमध्ये फोटोही घेऊन ठेवा. यापुढे कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या किंवा बाळंतपणाच्याही, जाताना हा कागद दाखवा.

प्रत्येक खेपेला मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल इंदापूरकरांना टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे जाता येईल असं आहे. देशातली ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. रक्तदाब आणि रक्ताच्या साध्या तपासण्या जवळच्या सरकारी रुग्णालयात होतात, आणि बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कोणती तपासणी कुठं करायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. तपासणीला जायच्या प्रवासात एसटी आणि रेल्वे दोन्हीकडे कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे. त्यासाठी लागणारा दाखला रुग्णालयातून मिळतो.

आणि तंबाखू. गाल बरा झाला म्हणून तोंडाचा बाकीचा भाग शाबूत आहे असं समजू नका. वर्षानुवर्षं चुना-तंबाखू लागलेल्या तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोग उठू शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठं मिळते ते सगळ्यांना ठाऊक असतं. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट फोन करता येतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, नवी गाठ, अंगावरून रक्त जाणं किंवा कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

सरपंच, तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी

गावकारभाऱ्यांना चार कामं सांगतो. एक, आशाताईंना बरोबर घेऊन गावात अशी किती माणसं आहेत याची माहिती ठेवा. ती चावडीवर वाचू नका. ज्याची तपासणी चुकली त्याला आठवण करून देण्यापुरतीच ती वापरा.

दोन, योजना. उपचाराचा मोठा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारावं. कर्करोगामुळे स्वतःचं पोट भरता येत नाही अशा गरिबाला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. तो अर्ज तहसील कचेरीत देऊन तुम्ही स्वतः पाठपुरावा करा.

तीन, दाखला. नुसता कर्करोग झाला म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वरयंत्र काढल्यामुळे आलेलं वाचेचं कायमचं अपंगत्व येतं. उपचारामुळे ऐकू येणं बरंच कमी झालं किंवा हातपाय निकामी झाला, तरी तपासणी करून प्रमाणपत्र मागता येतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

चार, काम. मजुरीच्या ठिकाणी अशा माणसाला पाणी पाजायचं, हजेरी मांडायचं, रोपवाटिकेत पिशव्या भरायचं, दूध संकलनावर नोंद ठेवायचं काम देता येतं. मुकादमांनी आणि बागायतदारांनी थोडा विचार केला तर एका घराची चूल चालू राहते आणि त्या माणसाचा मानही राहतो.

शेवटी एक खबरदारी

हे सगळं वाचून कुणी असं म्हणू नये, की एवढे त्रास असतील तर उपचार तरी कशाला घ्यायचे. आज कुणाच्या घरात गाठ निघाली असेल तर तिला जडीबुटी, अंगारा यांत दोन महिने घालवू नका. वर सांगितलेले त्रास जगलेल्या माणसाला होतात. उपचार न घेतलेल्याला हे त्रास होईपर्यंत वेळच मिळत नाही. शिवाय यांतला प्रत्येक त्रास प्रत्येकाला होतो असंही नाही. पुष्कळ जणांना एखाद-दुसरा होतो, तोही सौम्य.

आपल्या घरात किंवा शेजारी उपचार घेऊन आलेलं कुणी असेल तर या आठवड्यात एवढं करा. माळ्यावरची फाईल खाली काढा. शेवटची तपासणी कधी झाली ते बघा. तारीख उलटून गेली असेल तर पुढचा दिवस ठरवा आणि बरोबर कोण जाणार तेही ठरवा. आणि ती मावशी किंवा ते काका “जमत नाही” म्हणाले, तर पहिल्यांदा त्यांना विचारा, “नक्की कुठं दुखतंय?” उत्तर ऐकून घ्या आणि जसंच्या तसं डॉक्टरला सांगा.